डायपर का गळतो? कापड, थर आणि कोरडी रात्र

दिवाळी सरली की बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातून, उमापूरसारख्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोयता घेऊन गेलेली जोडपी परततात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. अशा घरात कुणी लकव्यानं किंवा खुब्याचं हाड मोडल्यानं बाजेला खिळलं, तर त्याची उस्तवार करणारंही बहुधा साठी ओलांडलेलंच असतं. मध्यरात्री एकट्यानं जड माणसाला कुशीवर वळवायचं, खालची वाकळ ओढून काढायची, दुसरी अंथरायची, हे त्याच्या ताकदीबाहेरचं काम. म्हणून मग थर वाढत जातात. डायपरच्या आत जुन्या धोतराची चौपदरी घडी ठेवली जाते, नाहीतर एकावर एक दोन डायपर चढवले जातात. तरी पहाटे वाकळ भिजलेलीच. मग मेडिकलमधून एक नंबर मोठा डायपर येतो आणि गळती आणखी वाढते.

अशा वेळी डायपर हलका निघाला असं आपण म्हणतो. बहुतेकदा चूक थरांच्या क्रमात असते. लघवीला खाली उतरायला मोकळी वाट हवी, मुरायला थोडा वेळ हवा आणि सगळ्यात शेवटी अडवणारं एकच प्लास्टिक हवं. या तीन गोष्टी जुळल्या तर एका चांगल्या डायपरवर बऱ्याच जणांची रात्र निघते. यातली एक जरी बिघडली तरी दोन डायपर अपुरे पडतात.

डायपरच्या पोटात

प्रौढांचा डायपर कापून पाहिला तर चार थर दिसतात. अंगाला लागतो तो पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचा, न विणलेला पातळ पापुद्रा. हे तंतू स्वतः पाणी पीत नाहीत. त्यांच्या फटींतून लघवी खाली जाते आणि कातडीजवळचा भाग त्यामानानं कोरडा राहतो. त्याखाली एक विरळ, फुगीर पट्टी असते. एकदम आलेली धार आजूबाजूला पसरवायची आणि खालच्या थराकडे सोपवायची, हे तिचं काम. तिसरा थर म्हणजे गाभा. त्यात लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे पांढरे दाणे मिसळलेले असतात. सगळ्यात बाहेर पाणी न सोडणारं प्लास्टिक. शिवाय मांड्यांपाशी आतल्या बाजूनं दोन झालरी उभ्या राहतात, कडेला वाहणारी लघवी अडवायला.

गाभ्यातला हा कापूस आणि गेवराईच्या शेतात फुटणारा कापूस, दोन्ही मुळात सेल्युलोजच. एक बहुतांशी पाइनच्या लाकडातून येतो, दुसरा बोंडातून. सेल्युलोज पाणी धरतं ते तंतूंच्या आणि त्यांच्यामधल्या बारीक पोकळ्यांत, म्हणून दाब पडला की त्यातलं बरंचसं सोडूनही देतं. दाण्यांचं तसं नाही. ते पाणी आत ओढून फुगतात, त्यांची जेली होते आणि वरून माणूस झोपला तरी ती सहसा पाणी सोडत नाही. अशा पदार्थांवरचं महत्त्वाचं काम अमेरिकेच्या कृषी खात्यानं केलं. जमिनीत ओल कशी टिकवता येईल, या शोधातून त्यांच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी पिणारा पदार्थ तयार झाला. शेतासाठी सुरू झालेलं हे काम पुढे सॅनिटरी पॅडमध्ये आणि डायपरमध्ये पोचलं.

हे दाणे शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पितात. लघवीत मात्र क्षार असतात आणि क्षारांमुळे फुगणं आवरतं. मग हाच आकडा साधारण ३० ते ५० पटींवर येतो. घरी पाहायचं असेल तर नव्या डायपरमधले थोडे दाणे झटकून दोन वाट्यांत घ्यावेत. एकीत साधं पाणी, दुसरीत चमचाभर मीठ घातलेलं पाणी ओतावं. फरक डोळ्यांनी दिसतो. दाणे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि मोरीतही ओतू नयेत, पाइप तुंबतो.

गळतीचं मूळ कळतं ते इथे. एका वेळची लघवी साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर असते आणि ती अर्ध्या-एक मिनिटात बाहेर पडते. दाण्यांना फुगायला त्याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात ती धार कुठेतरी थांबायला हवी. त्यातच वरचे दाणे आधी फुगले की खालच्या दाण्यांकडे जाणारी वाट बंद होते. काळ्या रानात पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून भसाभस आत जातं. माती फुगून भेगा मिटल्या की पुढच्या सरीचं पाणी वरूनच वाहून जातं. खाली माती कोरडी असली तरी तिच्यापर्यंत ते पोचत नाही. डायपरमध्ये दुसऱ्या लघवीच्या वेळी हेच होतं. म्हणून सकाळी काढलेला डायपर पुढून जड आणि मागून कोरडा असतो, आणि तरीही चादर ओली असते.

पाकिटावरच्या मिलिलिटरच्या आकड्याकडेही याच नजरेनं पाहावं. शोषणक्षमता मोजण्याच्या ‘आयएसओ ११९४८-१’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अख्खा डायपर खारट पाण्यात बुडवतात, निथळतात आणि वजन करतात. त्या चाचणीत ना अंगाचा भार असतो, ना कूस बदलणं, ना एकाच जागी पडणारी धार. त्यामुळे प्रत्यक्ष वापरात गळती सुरू होते ती त्या आकड्याच्या बऱ्याच आधी.

आत घातलेली घडी

सुती कापड चांगलं शोषतं, पण सगळं कापड नाही. कोऱ्या कापडाला खळ असते, कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो; पहिल्या काही धुण्यांत तो जाईपर्यंत पाणी त्यावरून ओघळतं. म्हणून अनेकदा धुतलेलं जुनं लुगडं किंवा धोतर नव्या मांजरपाटापेक्षा लवकर भिजतं. नायलॉन, टेरिकॉट, पॉलिएस्टरच्या साड्या कितीही मऊ लागल्या तरी या कामाच्या नाहीत.

आता ही सुती घडी डायपरच्या आत, अंगाला लावून ठेवली तर काय होतं? पहिली धार कापडात थांबते. कापड ती सहजी खाली सोडत नाही, कारण त्याच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. खाली दाणे कोरडे आणि कातडी मात्र ओल्या फडक्याला चिकटलेली. पुढे कूस बदलताना अंगाच्या भारानं घडी पिळली जाते आणि ते पाणी एकदम कडेनं निघतं. जाड घडीमुळे डायपर मांडीपासून उचलला जातो, झालर अंगाला टेकत नाही, फट राहते. आणि घडीचं एखादं टोक झालरीच्या बाहेर आलं असेल, तर कापड वातीसारखं काम करत लघवी आतून बाहेर खेचत राहतं. डायपर पूर्ण चांगला असूनही रात्रभर थेंब थेंब चादरीवर उतरतो.

दोन डायपर एकावर एक घालण्यातही हीच गफलत आहे. आतल्या डायपरच्या पाठीला प्लास्टिक असतं, त्यामुळे तो ओसंडून वाहिला तरी त्यातलं पाणी बाहेरच्या डायपरच्या गाभ्यात सरळ उतरत नाही. ते कडेनं, मांडीच्या फटीतून निघतं. काही जण आतल्या डायपरच्या प्लास्टिकला मधोमध तीन-चार चिरा देतात. वाट मोकळी होते हे खरं, पण चिरांमधून जेली बाहेर येते, उकाडा दुप्पट होतो आणि माकडहाडाखाली जाड गोळा तयार होतो. दवाखान्यात जाताना, गेवराईहून बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात एखाद्या वेळी हे चालून जाईल. रोज रात्री नको.

यासाठी बनवलेली वस्तू निराळी आहे. तिला बूस्टर पॅड म्हणतात. त्याच्या पाठीला प्लास्टिक नसतं. ते भरलं की उरलेली लघवी खालच्या डायपरमध्ये जाते, म्हणजे दोन्हींची क्षमता खरोखर जोडली जाते. घेताना पाठ नीट पाहावी. पाठीवर थोडं पाणी टाकलं आणि ते आत मुरलं तर तो बूस्टर. ओघळून गेलं तर तो साधा पॅड. साध्या पॅडचाही उपयोग आहे, पण वेगळ्या हिशेबानं. जपानमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बाहेर चिकटपट्टीचा डायपर आणि आत एक पॅड अशी जोडी सर्रास वापरतात. पॅड भिजला की फक्त तो ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. बाहेरचा डायपर राखीव म्हणून तसाच राहतो. तिथेही पॅडवर पॅड रचू नका असंच काळजीवाहकांना शिकवलं जातं.

कापडाची खरी जागा

कापड डायपरच्या बाहेर ठेवलं की ते दोन कामं चोख करतं. पहिलं काम डायपर अंगासरशी धरून ठेवण्याचं. डायपरवरून घट्ट बसणारी सुती चड्डी किंवा लंगोट घातला की भिजून जड झालेला डायपर खाली लोंबत नाही, मांडीपाशी फट पडत नाही. दुसरं काम अंथरूण वाचवण्याचं.

अंथरुणाच्या बाबतीत रुग्णालयांची जुनी पद्धत आजही सगळ्यांत सोयीची आहे. गादीवर चादर, त्यावर कमरेच्या जागी आडवी रबर शीट आणि तिच्यावर दुपदरी सुती आडवी चादर, जी रुग्णाला न उठवता एका बाजूनं ओढून काढता येते. या रबरी कापडाला परिचारिका ‘मॅकिंटॉश’ म्हणतात. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं होतं, त्यांचंच हे नाव. घरी रबर शीट नसेल तर जाड मेणकापड किंवा प्लास्टिकचा स्वच्छ कागद चालतो, पण तो कधीही थेट अंगाखाली नको. वर सुती थर हवाच, आणि त्याला सुरकुत्या नकोत.

वाकळ किंवा गोधडी मात्र रबर शीटच्या खालीच राहू द्यावी. अनेक जुन्या लुगड्यांचे थर एकत्र शिवलेली वाकळ लघवी पोटात घेते, पण तिला धुवायला भरपूर पाणी आणि वाळायला दोन-दोन दिवस लागतात. अर्धवट वाळलेल्या वाकळेचा वास घरातून जात नाही.

थरांची संख्या इथेही आवरती हवी. एका जागी पडून असलेल्या माणसाला माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी दाबामुळे जखमा होतात. हवेची गादी आणली असेल आणि तिच्यावर गोधडी, प्लास्टिक, चादर आणि दोन डायपर असतील, तर त्या गादीचा बराचसा फायदा वायाच जातो.

बसवण्याची रीत

गळतीच्या अनेक तक्रारी नुसत्या नीट बसवण्यानं मिटतात. माप कंबर आणि नितंब यांपैकी जिथे घेर मोठा असेल तिथलं घ्यावं. मोठा डायपर जास्त धरेल ही समजूत चुकीची आहे. तो मांडीला सैल बसतो. घालण्याआधी डायपर लांबीत दुमडून मध्ये पन्हळीसारखा खोलगट करावा, म्हणजे झालरी उभ्या राहतात. रुग्णाला कुशीवर करून डायपरची मधली रेघ पाठीच्या कण्याच्या रेषेत आणावी. उताणं केल्यावर पुढचा भाग ओढून घ्यावा. खालच्या चिकटपट्ट्या तिरक्या वरच्या दिशेनं, वरच्या पट्ट्या तिरक्या खालच्या दिशेनं लावाव्यात. शेवटी जांघेत बोट फिरवून झालरी बाहेर काढाव्यात. आत दुमडलेली झालर हे गळतीचं अगदी नेहमीचं कारण.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचापोटी कुणी सांगत नाही. डायपर लावताना लिंग खालच्या दिशेनं ठेवावं लागतं. ते वर राहिलं तर धार गाभ्यात न पडता पोटाच्या कडेनं बाहेर येते आणि शर्ट भिजतो. पुरुषांना जास्त शोषण पुढच्या भागात लागतं, बायकांना मधोमध आणि उताणं झोपल्यावर मागे. बूस्टर पॅड त्याप्रमाणे पुढे-मागे सरकवावा. पुरुषांसाठी युरिन पॉट किंवा कंडोम कॅथेटर हा पर्यायही डॉक्टरांशी बोलून वापरता येतो.

कातडीची बाजू

निरोगी कातडी किंचित आम्ल असते. तिचा सामू पाचच्या आसपास. लघवीतल्या युरियापासून जीवाणू अमोनिया बनवतात, त्यानं कातडीचा हा आम्लपणा जातो. त्यात शौच मिसळलं तर त्यातली पाचकद्रव्यं अधिक जोमानं काम करू लागतात आणि कातडी सोलल्यासारखी लाल होते. म्हणून लघवीचा डायपर काही तास चालेल, पण शौच झालेला डायपर लगेच बदलावा. धुताना कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. अंगाचा साबण घासून लावू नये. पुसताना टिपून घ्यावं. मग झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावावा. थापून लावलेली जेली डायपरच्या वरच्या पापुद्र्याला लागते, त्याच्या फटी बुजतात आणि पुन्हा गळती. पावडरीचे ओलीत गोळे होऊन जांघेत घासतात, तीही टाळावी.

दिवस कापडाचा, रात्र डायपरची

एक डायपर साधारण तीस-चाळीस रुपयांच्या पुढे पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी दिवसाला चार डायपर म्हणजे मजुराच्या घराला न पेलणारा खर्च. उलट बाजूनं, कापड फुकट वाटलं तरी त्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात तेही स्वस्त नाही. यातला व्यवहार्य मार्ग म्हणजे दोन्हींची वाटणी. दिवसा माणसं जागी असतात, दोन-अडीच तासांनी भांडं देता येतं किंवा खुर्चीवर बसवता येतं, तेव्हा सुती लंगोट आणि खाली आडवी चादर. रात्री आणि प्रवासात डायपर. ‘मुख्यमंत्री वयोश्री योजने’त राज्य सरकार ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी ३ हजार रुपये बँक खात्यात देतं. त्या साधनांच्या यादीत कमोड खुर्ची आहे. ज्यांना आधारानं बसता येतं त्यांच्यासाठी ही खुर्ची दिवसाचे डायपर बरेच कमी करते.

लंगोट आधी गार पाण्यात खळबळून मग साबणानं धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. लघवीचं कापड ब्लीचिंगच्या पाण्यात थेट बुडवू नये. अमोनिया आणि क्लोरीन मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो.

वापरलेला डायपर ही वेगळीच डोकेदुखी. त्यातलं शौच आधी संडासात टाकावं, डायपर गुंडाळून चिकटपट्ट्यांनी बंद करावा, वर्तमानपत्रात बांधून वेगळा ठेवावा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची रीत रुजवली, ती उघडणाऱ्या हातांना आत काय आहे ते आधीच कळावं म्हणून. गावात घंटागाडी नियमित येत नसेल तर ग्रामपंचायतीशी बोलून या कचऱ्याची जागा ठरवून घ्यावी. चुलीत जाळला तर प्लास्टिकचा धूर घरभर होतो. ओढ्यात किंवा पडक्या विहिरीत टाकला तर तो तिथेच वर्षानुवर्षं राहतो.

मुळात लघवी थांबत का नाही

डायपर चांगला बसला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. खोकताना, शिंकताना, ओझं उचलताना लघवी सुटत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. ऊसतोडीत बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या शिडीवर चढणाऱ्या बायकांना हा त्रास होणं साहजिक आहे, आणि त्या तो कुणापाशी बोलत नाहीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे अशा गळतीसाठी शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळलं. आज तिशी-चाळिशीत असलेल्या या बायका उद्या म्हाताऱ्या होतील. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेले आकुंचनाचे व्यायाम त्यांना आजच शिकवले, तर उद्याचे कितीतरी डायपर वाचतील.

घाई लागून वाटेतच होणं, प्रोस्टेटमुळे किंवा जुन्या मधुमेहामुळे मूत्राशय भरून ओसंडणं, ही कारणं वेगळी आणि त्यांचे उपचारही वेगळे. अचानक सुरू झालेल्या गळतीमागे मूत्रमार्गाचा संसर्ग, साठलेला मळ किंवा नव्यानं सुरू झालेली लघवीची गोळी असू शकते. ती गोळी शक्यतो सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. दिवसभर पाय लोंबकळत ठेवले की पायांत साचलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे उतरतं. म्हणून पायाला सूज असेल तर दुपारी काही वेळ पाय उशीवर घ्यावेत. गळतं म्हणून म्हाताऱ्या माणसाचं पाणी मात्र तोडू नये. लघवी घट्ट होते, आग होते, मळ साठतो आणि गळती वाढते. संध्याकाळनंतर थोडं कमी, दिवसभर पुरेसं, एवढंच धोरण ठेवावं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस एका वहीत नोंद ठेवावी: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता ओलं झालं, आणि ओल कुठे आली. पोटाच्या कडेला आली तर दिशा चुकली. मांडीशी आली तर झालर दुमडली किंवा माप मोठं झालं. कुशीच्या एकाच बाजूला आली तर त्या बाजूची पट्टी सैल राहिली. डायपर पुढून-मागून सगळा जड झाला असेल आणि तरी गळलं असेल, तरच क्षमता कमी पडली असं समजावं आणि बूस्टर पॅडवर पैसे खर्च करावेत.